एका धोतरात बांधलेली हत्यारं

मला कुणी शिकवलेलं खपत नाही. तीस वर्षं गावच्या शाळेत मास्तरीण होते. दुसऱ्याला शिकवायचा धंदा, त्यामुळं कान बंद आणि तोंड उघडं ही सवय अंगात मुरलेली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं ते या सवयीपायीच झालं. नशिबावर ढकलायला मला आवडलं असतं, पण नशिबाचा त्यात काही हात नव्हता.

माझा धाकटा भाऊ हैदराबादला गोल्फच्या मैदानावर कॅडी आहे. साहेब लोक खेळतात तेव्हा त्यांच्या काठ्यांची जड पिशवी खांद्यावर घेऊन मागं चालायचं, आणि कुठली काठी कधी घ्यावी ते हळूच सांगायचं, हे कॅडीचं काम. आमच्या दुबलगुंडी गावाहून तो गेला होता गवत कापायला. गवत कापता कापता पिशवी उचलायला लागला, आणि पिशवी उचलता उचलता खेळही शिकला. गावात लोक विचारायचे, "भाऊ काय करायलाय बाई तुमचा?" मी म्हणायची, "मैदानावर हाय." लोकांना वाटायचं पोलिसात आहे. मी वाटू द्यायची.

एका वर्षी त्याचा एक म्हातारा साहेब शहर सोडून गेला आणि जाताना आपल्या जुन्या काठ्या याला देऊन गेला. पाठीवर पिशवी घेऊन तो बसमधून उतरला, तेव्हा नवरदेवाच्या तोंडावरही मी एवढं तेज पाहिलेलं नाही. घरात आल्याबरोबर पाणीसुद्धा न पिता त्यानं तीन काठ्या बाहेर काढल्या. त्यांची डोकी मोठी, भोपळ्याएवढी नाही पण कवठाएवढी तरी नक्की. त्यांच्यावरच्या टोप्या फाटून चिंध्या झाल्या होत्या.

"अक्का, याला टोप्या शिवून दे."

"लाकडाला कुंची? लेकरू हाय का काय ते? काजळ-तीट पण लावू?"

"हस तू. पण शिव. आणि लांब शिव, गळ्याच्या खाली यीतभर येऊ दे."

मी माझं एक जुनं इरकल लुगडं फाडलं, गोधडीतला कापूस आत भरला. शिवताना विचारलं, एवढं कौतुक कशाला म्हणून. तो समोर बसून सांगत होता. डोकं दिसायला घट्ट, पण आतून पोकळ असतंय, पातळ पत्रा. पिशवीत बाकीच्या काठ्या लोखंडी. चालताना त्या डोक्यावर आदळत्यात आणि पोचे पाडत्यात. "आणि डोक्यापेक्षा जास्त जपायचं ते गळ्याला, डोकं दांडीला बसतंय तिथं. ही दांडी लोखंडाची न्हाई अक्का. कागदावर कागद चिकटवल्यावानी थर असत्यात आत. लोखंडाचा एक ओरखडा बसला की संपलं. आज न्हाई मोडणार, उद्या न्हाई मोडणार, पण मोडणार तिथंच."

मी "व्हय व्हय" म्हणत होते आणि सुईत दोरा ओवत होते. ऐकलं असं म्हणवत नाही. कानावर पडलं, एवढंच.

त्यानंतरच्या दसऱ्याला तो आठ दिवसांची सुट्टी काढून आला. आमचं सोयाबीन निघालेलं, रान मोकळं. रोज सकाळी रानात उभा राहून तो चेंडू मारायचा, आणि मग धुऱ्यापर्यंत हिंडून ते वेचून आणायचा. दिवाळीनंतर त्यांच्या मैदानावर कॅडी लोकांचा सामना होता. जो पहिला येईल त्याला मैदानवाले शिकवायच्या कामावर घेणार होते. म्हणजे पिशवी उचलणं बंद. नव्या लोकांना काठी धरायची कशी, उभं राहायचं कसं, हे दाखवायचं. त्याचं वय चाळिशीच्या पुढं, उजवा खांदा तेव्हापासूनच कुरकुरत होता. "हे झालं तर झालं अक्का. पुन्हा माझ्याच्यानं व्हायचं न्हाई," असं तो मला म्हणाला होता. म्हणजे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही.

आता आमच्या घरची खंडेनवमी सांगितली पाहिजे. घरातलं झाडून सगळं हत्यार त्या दिवशी धुवायचं, हळद-कुंकू लावायचं आणि एकाच पांढऱ्या धोतरात करकचून बांधून देवापुढं ठेवायचं. कोयता, कुऱ्हाड, विळे, खुरपी, पहार, सगळं उघडं, एकमेकाच्या अंगाला अंग लावून. गाठ सोडायची ती दसऱ्याच्या सकाळी. घरातली हत्यारं एक रात्र एकत्र नांदली की घरातली माणसं वर्षभर नांदतात, असं आमची आई म्हणायची. मी विधवा होऊन माहेरी राहिलेली, घरातली मोठी, तेव्हा आई गेल्यावर ही पूजा माझ्याकडं आली. आणि माझ्याकडं आलेली गोष्ट मी सोडत नाही.

त्या सकाळी तो हुमनाबादला निघाला होता. जाताना म्हणाला, "माझ्या पण काठ्यांना हळद-कुंकू लाव. पण टोप्या काढू नको, वरूनच लाव. आणि त्या बोचक्यात घालू नको, बाजूला ठेव."

एवढंच बोलला, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. पूजा कशी करायची ते आता हा मला सांगणार. देवापुढं कुणी तोंड झाकून बसतंय काय? आणि बाजूला कामून? त्याची काठी काय आमच्या कोयत्याचा विटाळ मानती? हैदराबादला राहून मोठा साहेब झालाय, असं मी पुटपुटत होते. तो गेला तशी मी तिन्ही टोप्या ओढून काढल्या. काठ्या धुतल्या, पुसल्या, डोक्यापासून दांडीपर्यंत हळदीची बोटं ओढली. माझ्या मनात वाईट नव्हतं हो. उलट त्या सामन्यासाठी मी देवाला नारळ बोलले होते. मग कोयता-कुऱ्हाडीच्या मध्ये त्या काठ्या घातल्या, धोतराची गाठ मारली, आणि गाठ सैल वाटली म्हणून त्यावर गुडघा ठेवून पुन्हा आवळली.

दिवेलागणीला तो आला. देवापुढचं बोचकं बघून दारातच थांबला.

"काढल्यास टोप्या?"

"काढल्या. देवाचं काम हाय, काही होत न्हाई."

तो वाकून गाठीला हात घालायला लागला, तशी मी ओरडले. "हात लावू नको. दसऱ्याआधी गाठ सोडली तर घर फुटतंय." चाळीस ओलांडलेला माणूस, पण मी त्याला शाळेतल्या पोरासारखं झापलं. त्यानं हात मागं घेतला आणि उंबऱ्यावर बसून राहिला. जेवला पण नीट नाही. मला वाटलं, रुसलाय, उद्या ठीक होईल.

दसऱ्याला मी गाठ सोडली. त्यानं आपल्या काठ्या उचलल्या, एकेकीवरून अंगठा फिरवला, टोप्या चढवल्या. मी म्हटलं, "बघ, काय झालं? उगं जीव टांगणीला लावून घेतलास."

सामन्याच्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. चौथ्या की पाचव्या खेपेला त्याची सगळ्यात मोठी काठी गळ्यातून मोडली होती. डोकं लांब उडून पडलं आणि चेंडू तिथंच झाडाखाली घरंगळला. तेवढा लांबचा फटका मारणारी दुसरी काठी त्याच्याकडं नव्हती. उरलेला सगळा खेळ त्यानं राहिलेल्या लहान काठ्यांवर काढला, आणि तरीसुद्धा दुसरा आला.

"माझाच हात जड पडला अक्का," तो म्हणाला.

आणि मी काय बोलावं? "रागारागानं मारली असशील. सबुरी न्हाई तुला, लहानपणापासून न्हाई." असं बोलले मी. फोनवर. त्या दिवशी. आज आठवलं की माझीच जीभ हासडावी वाटते.

संक्रांतीला तो आला तेव्हा ती मोडकी काठी माळ्यावर टाकून गेला. उन्हाळ्यात माळा झाडताना ती माझ्या हाताला लागली. उजेडात आणून मी मोडलेलं टोक बघितलं. त्या टोकाला एक तिरका घाव होता, नखाएवढा. घावाच्या आत हळद होती. बाकी दांडी पुसून लख्ख झालेली, पण त्या चिरेत हळद जशीच्या तशी बसलेली. माझा गुडघा आठवला मला. मी तिथंच जिन्याच्या पायरीवर बसले.

सांगायला पाहिजे होतं. तेव्हाच फोन लावून सांगायला पाहिजे होतं. पण मास्तरणीच्या तोंडातून "माझं चुकलं" हे दोन शब्द निघायला सहा वर्षं लागली. त्या सहा वर्षांत तो दसऱ्याला एकदाही आला नाही. रजा मिळत नाही म्हणायचा, दिवाळीला यायचा. मी पण "व्हय, रजेचं अवघडच" म्हणायची आणि एकटीच बोचकं बांधायची.

गेल्या दिवाळीला तो आला तो उजवा हात अंगाशी धरूनच. खांदा कायमचा गेला होता. डाव्या खांद्यावर पिशवी घेतो म्हणाला. केस विंचरायला हात वर जात नव्हता. चुलीपुढं ताट मांडून बसलेला, डाव्या हातानं भाकरी मोडत होता. ते बघवलं नाही, आणि मी एका दमात सगळं सांगून टाकलं. गाठ, गुडघा, चिरेतली हळद, सगळं.

तो खात राहिला. मग म्हणाला, "ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"गाठ सोडल्यापासून. दुसरी काठी कुठून आणू? म्हणलं, टिकंल एवढा एक दिवस."

"मग बोललास कामून न्हाईस? राग आला न्हाई तुला?"

खरं सांगते, "जाऊ दे अक्का" हे शब्द ऐकायची मी तयारी करून ठेवली होती. सहा वर्षं त्याच शब्दांची आशा धरून बसले होते.

"आला की," तो म्हणाला. "दसऱ्याला येत न्हाई ते कामून वाटलं तुला? राग अजून पण येतो. पिशवी उचलताना रोज येतो."

त्यानं पाण्याचा तांब्या डाव्या हातानं ओढून घेतला, घोटभर पाणी प्याला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "मी पण मास्तर झालो असतो अक्का. तुझ्यासारखा."