गार्डमामांची दहावी खुर्ची

संग्रहालय म्हटलं की ‘हात लावू नये’ ही पाटी आलीच. दौंडला गार्डमामांच्या बाहेरच्या खोलीत मात्र प्रत्येक वस्तूला सुतळीने पुठ्ठ्याचं लेबल बांधलेलं असायचं आणि त्यावर टपोऱ्या अक्षरात : ‘पाहून झाल्यावर जागेवर ठेवणे.’ रेल्वेत गार्ड म्हणून जन्म काढलेला माणूस. सूचना लेखी दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

मामा बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथलेच मराठी ज्यू. गावातल्या ज्यू मंडळींची प्रार्थना पूर्वी याच खोलीत व्हायची. तिला दहा पुरुष लागतात. मंडळी एकेक करून इस्राएलला गेली, काही त्याहून लांब गेली, आणि मागे मामा, प्रार्थनेचं जुनं सामान आणि दहा खुर्च्या उरल्या. मामांनी खुर्च्यांनाही लेबलं बांधली : ‘शालोम फिटर’, ‘शिरूरचे मोझेस मास्तर’ अशी. दहावी त्यांची स्वतःची. तिला लेबल नव्हतं. “ती अजून चालू हाय,” म्हणायचे.

खुर्चीवर बसायला बंदी नव्हती, पण बसणाऱ्याला लेबलावरचं नाव चिकटायचं. मी शेजारची. शनिवार ज्यूंचा विश्रांतीचा दिवस; त्या दिवशी मामा विस्तव पेटवत नसत, म्हणून आमच्या घरून चहा जायचा. एकदा मी दमून शालोम फिटरच्या खुर्चीत टेकले.

“शालोम, कवा येळेवर आलास का रं प्रार्थनेला? नऊ माणसं ताटकळायची तुझ्यापायी!”

मी शालोमच्या वतीने माफी मागितली, तेव्हा कुठे त्यांनी कप तोंडाला लावला. तोवर चहाचं सरबत झालं होतं.

रविवारी एलियाहू हानाबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावाचा मलिदा मांडलेला असे. गूळ-खोबरं घातलेले पोहे, वर फळं. कुरकुंभच्या कारखान्यातली पोरं खास तो बघायला यायची. त्या ताटालाही लेबल होतं. जागेवर ठेवण्याची सूचना तिथे मात्र कुणी पाळल्याचं मला आठवत नाही.

मग शहरातल्या एका संग्रहालयाचे साहेब आले. सगळं सामान काचेच्या कपाटात ठेवू म्हणाले. “इथे कोण बघायला येतं, आजोबा?”

“ही येती की,” मामांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

साहेब गेल्यावर मामांनी एकेका खुर्चीचं लेबल सरळ केलं. मग म्हणाले, “शके, तिथं सामान नीट राहील गं. पन आमी हितं व्हतो, हे दौंडाला कोन सांगंल?” सामान कुठेही गेलं नाही.

गेले ते मामाच. गुडघे थकले, लेकीने इस्राएलला नेलं. निघताना किल्ली माझ्या हातात ठेवली. मी विचारलं, “मामा, दहाव्या खुर्चीला लेबल बांधू?”

“खबरदार! मी मेलोय व्हय?”

दोन वर्षांनी लेकीचा फोन आला. मामा गेले होते. पाठोपाठ पार्सल आलं. आत त्यांची प्रार्थनेची टोपी, तिला सुतळीने बांधलेलं लेबल, अक्षर थरथरतं पण टपोरं : ‘दौंड. खुर्ची दहावी. पाहून झाल्यावर जागेवर ठेवणे.’

मी टोपी डोळे भरून पाहिली. रडले. मग ती दहाव्या खुर्चीवर ठेवली, शालोम फिटरच्या खुर्चीत जाऊन बसले आणि म्हणाले, “मामा, या खेपेला उशीर तुम्ही केलात.”