उचगावच्या चार्टवरची गायब रेघ

आईच्या आजारपणात मी पुण्याची नोकरी सोडून कसबा बावड्याच्या फ्लॅटवर आलो. आई गेली, मी तिथंच राहिलो. शेअर बाजाराच्या चार्टवर रेघा काढणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम, लिहून देतो. गिऱ्हाइकं मेसेज करतात, दूधवाला पिशवी दाराला अडकवून जातो. दुपारी फोन आलाच तर आधी घसा खाकरावा लागतो, कारण सकाळपासून तोंडातून शब्द निघालेला नसतो.

एकदा उचगावहून फोन आला. साखर कारखान्यातून रिटायर झालेले एक फिटर माझी स्क्रिप्ट वापरत होते.

"पावणं, तुमची रेघ गायब झालीया की!"

"स्क्रीनचा फोटो पाठवता का?"

"ते आमाला जमत न्हाय. तुमीच या."

गिऱ्हाइकाच्या घरी मी कधी जात नाही. त्या दिवशी गाडीला किल्ली लावली.

त्यांच्या चार्टवर रेघ महिन्याच्या मध्यापर्यंत नीट आली होती, पुढं काहीच नाही. मी मागं जाऊन एकेक दिवस तपासला. शेअर अगदी छोट्या कंपनीचा. एके दिवशी त्यात सगळे सौदे एकाच भावानं झाले होते. वरचा भाव आणि खालचा भाव सारखा, म्हणजे फरक शून्य. माझी स्क्रिप्ट त्याच फरकानं भागत होती. त्या दिवसाचं उत्तरच निघालं नाही, आणि रोजचा आकडा आदल्या दिवसावरून काढत असल्यामुळं पुढचे सगळे दिवस कोरे पडले.

"चूक माझीच आहे," मी म्हणालो. "मी मोठ्या कंपन्यांवरच तपासून बघितलं होतं."

"आवो, आमी मशीन जोडल्यावर रिकामी बी फिरवून बघायचो," ते म्हणाले. रागानं नव्हे, समजावल्यासारखं.

फरक शून्य असेल तर भागू नकोस, आदल्या दिवसाचाच आकडा धर, अशा दोन ओळी घातल्या. रेघ शेवटपर्यंत आली. त्यांनी आत हाक मारली, "अगं, आली बघ!" बायको पिठाच्या हातानंच बाहेर आल्या. रेघेकडं बघितल्यासारखं केलं आणि मला म्हणाल्या, "भाऊ, दोन घास खाऊनच जावा."

"नको, घरी वाट बघत असतील."

कोण वाट बघणार होतं? पण तोंडातून गेलं ते गेलं. घरी येऊन मी सकाळचा भात गरम केला.

पुढचे दोन दिवस जुन्या सगळ्या स्क्रिप्ट उघडून तीच चूक दुरुस्त केली. त्यानंतर कुणाचीच तक्रार आली नाही. तीनेक आठवड्यांनी मीच उचगावला फोन लावला.

"रेघ बरोबर येतेय ना?"

"व्हय की, झकास! का वो, काय झालं?"

"काही नाही. सहज."

पलीकडं टीव्ही चालू होता, कुणीतरी भांडी लावत होतं. मी आणखी काही बोलेन म्हणून ते थांबले.

"बरं, ठेवतो," मी म्हणालो.