अंगठा उमटेना, तेव्हा नाक कामी आलं

मंडळी, आज देऊळघाटहून बुलढाण्याला हयातीचा दाखला काढायला गेलो. शेवटचा दिवस होता. दाखला नसला की पेन्शन थांबते. फोटो निघतो म्हणून निघताना तोंड दोनदा साबणाने खसाखसा धुतलं.

केंद्रात चार वेळा अंगठा ठेवला, मशीन घेईना. मागे रांगेतला माझा वर्गमित्र ओरडला, "काऊन बे, मेला का तू?"

मशीनवरची पोरगी म्हणाली, "आजोबा, अंगठा कोरडा हाये. कपाळाले घासून पाहा." घासला, तरी नाहीच. साबणाचं सांगितलं तशी ती हसली.

"मंग बसा तासभर. तळहाताले तेलाच्या ग्रंथीच नसतेत. त्या चेहऱ्यावर, डोक्यावर, केसाच्या मुळाशी असतेत. तिथलं तेल बोटाले लागते. वय झालं की त्या हळू चालतेत, अन् तुम्ही होतं तेही धुऊन आले!"

बाकावर बसलो. प्राथमिक शाळेतल्या कविता मनात म्हणत राहिलो, एकही ओळ अडली नाही. तेवढ्या वेळात कातडीने आपलं काम केलं. तासाभराने नाकाच्या कडेने अंगठा फिरवून ठेवला आणि मशीनने घेतला.

"झालं आजोबा, जिते आहात."

मागे वर्गमित्र आधीच नाक चोळत उभा होता.

ज्या तेलाला जन्मभर मळ समजून घासलं, त्यानेच आज माझी साक्ष दिली. न विचारता आपल्यासाठी राबणारं असं अजून काय काय असेल आपल्या अंगात? ठाऊक असेल त्यांनी सांगा.