दुसऱ्याच्या गाडीचे दाते

लग्न होऊन मी चिखलीला आले तेव्हा अंगणात तुळशीला जागा नव्हती, कारण तिथे गाडी उभी असायची. लांबरुंद अमेरिकन गाडी, आठ सिलिंडरची, खामगावच्या एका जिनिंगवाल्या शेठने हौस फिटल्यावर विकून टाकलेली. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती, गाडीची पाटी अजून जुन्या प्रांताचीच होती. आमच्या यांनी ती घेतली आणि भाड्याने चालवायला काढली. बाजाराच्या दिवशी चिखली ते खामगाव आणि परत, एरवी लग्नाची वऱ्हाडं, दवाखान्यात न्यायचे पेशंट, ज्याला लागेल त्याला. मी तिच्यावर पहिल्या दिवसापासून डूख धरून होते. जेवायला हाक मारली की गाडीखालून नुसते दोन पाय दिसायचे आणि तेच 'आलो' म्हणायचे.

सपाट रस्त्यावर ती कुणाला ऐकायची नाही. पण घाट लागला की सगळा तोरा उतरायचा. एकदा रोहिणखेडचं वऱ्हाड घेऊन हे राजूरच्या घाटाने बुलढाण्याला निघाले. अर्ध्या घाटात गाडीला अशी धाप लागली की नवरदेवाचे मामा आणि काका खाली उतरून पायी निघाले आणि गाडीच्या आधी वर पोचले. आत नवरदेव एकटा, मुंडावळ्या बांधून, उकळत्या रेडिएटरची वाफ बघत बसलेला. ही गोष्ट चिखलीच्या बाजारात आमच्या आधी पोचली. मी पोट धरून हसले, आणि यांनी त्या रात्रीचं जेवण माझ्याशी न बोलता उरकलं.

गावातले मिस्त्री म्हणाले, इंजिनात खोट नाही, खोट मागच्या आसात आहे. तिथे दोन दातेरी चाकं असतात, मोठं ते क्राऊन आणि छोटं ते पिनियन. शेठच्या गाडीचे दाते पळण्यासाठी बसवलेले होते, ओढण्यासाठी नाही. जास्त दात्यांचा क्राऊन घातला तर पळणं थोडं कमी होईल, पण गाडी भरून घाट चढेल. अशी जोडी मिळणार कुठे, तर तेही त्यांना ठाऊक होतं. त्याच कंपनीची एक लांब गाडी, मागे सामानाला जागा असलेली, त्यांच्याच आवारात पाल्यापाचोळ्यात पडून होती.

ती गाडी कुणाची हे सगळ्यांनाच माहीत होतं. उंद्रीचा एक तरुण ती आमच्याच रस्त्यावर चालवायचा. आदल्या पावसाळ्यात भर दुपारी, पुलावरून पाणी जात असताना त्याने नाल्यात गाडी घातली. गाडी खाली बाभळींत अडकलेली सापडली, तो सापडला नाही. मग गाडीच्या एकेक वस्तूला पाय फुटले, कुणी टायर नेले, कुणी बॅटरी, आणि मागचा आस तेवढा राहिला.

मी यांना म्हटलं, गेलेल्या माणसाची वस्तू घरात आणू नका. हे म्हणाले, लोखंडाला सुतक नसतं. भांडण झालं, त्यात मी हरले, आणि अजूनही मला वाटतं की मी बरोबर होते.

मिस्त्रींची एक रीत होती. क्राऊन आणि पिनियन काढले की लगेच तारेने एकत्र बांधायचे. दोघं एकमेकांवर घासून झिजलेले असतात, त्यांची जोडी फोडायची नाही. बसवताना दात्यांना तेलात कालवलेला शेंदूर लावायचा, चाक हाताने फिरवायचं आणि शेंदूर कुठे पुसला गेला ते बघायचं. तेवढीच जागा एकमेकांना लागते. पुसलेला भाग दात्याच्या मधोमध आला की बसवणं बरोबर. मी डबा घेऊन गेले होते तेव्हा ते दाते पाहिले. आमच्या मारुतीला लावतात तसाच शेंदूर, आणि खाली काळं तेल टपकत होतं. मला ते बघवलं नाही. डबा ठेवून मी तशीच घरी आले.

गाडी घाट चढली. भरलेली चढली, आणि हे असे खूश की मलाही घेऊन गेले वरपर्यंत. पण ती आता गायला लागली होती. वेग धरला की मागून एक बारीक, लांब सूर निघायचा, रडक्या पोराच्या नाकातून निघतो तसा, आणि पाय उचलला की खाली उतरून थांबायचा. मिस्त्रींनी दोनदा खोलून दात्यांमागच्या पातळ पत्र्या बदलल्या, पुन्हा शेंदूर लावला. शेवटी त्यांनी हात पुसले आणि सांगितलं की हा सूर जायचा नाही, त्या गाडीतही असाच होता. तेल कमी असताना तिच्या मालकाने ती एकदा लांब पळवली होती, तेव्हापासून या जोडीला तो लागला. एवढं बोलून ते आत निघून गेले. त्यांनी हे आधी का सांगितलं नाही, हे विचारायला मी गेले नाही. मला वाटतं त्यांनाही तो सूर पुन्हा ऐकेपर्यंत आठवला नव्हता.

माझं माहेर खामगावचं. दिवाळीनंतर मी माहेराहून आमच्याच गाडीतून परत येत होते. मागे बाजारचे चार-पाच लोक होते. दिवेलागणीला उंद्री आली. गावाबाहेरच्या वळणावर रस्त्याला लागून एक घर होतं. त्या घरातून एक म्हातारी बाई रस्त्याच्या मधोमध आली आणि उभी राहिली. यांनी करकचून ब्रेक लावला. तिने यांच्याकडे बघितलंही नाही. गाडीला वळसा घालून मागे गेली, डिकीवर तळहात ठेवला, आणि बैलाच्या पाठीवर थाप मारतात तशी थाप मारली.

"हातपाय धुऊन ये बाप्पा," ती म्हणाली. "भाकर टाकून राह्यली मी."

आणि आत गेली.  मग घरातून तिची तरुण सून आली, कपाळभर कुंकू, आणि मान खाली घालून यांना म्हणाली, की जा तुम्ही, आत्याबाईंचं मनावर घेऊ नका. यांनी गाडी काढली ती थेट चिखलीत थांबवली. 

त्या रात्री हे म्हणाले, उद्याच काढून टाकतो ते दाते. भ्यालेच होते सरळ. मी म्हटलं, काढाल ते काढा, पण आधी त्या घरी जाऊन खरं सांगायचं. त्या बाईच्या पोटचा पोर गेलाय आणि आपण तिला दर बाजारी त्याची हाक ऐकवतोय, हे पाप माझ्याच्याने पचणार नाही. तेव्हा मी रागात होते, आणि रागात असले की माझं बरोबरच असतं असं मला वाटायचं.

दुपारच्या वेळी गेलो. म्हातारी आत झोपली होती. सून अंगणात तूर पाखडत होती. मी बसले आणि सगळं सांगून टाकलं, गाडी, आस, दाते, मिस्त्री. ती सूप हलवतच राहिली.

"मले पयल्याच दिवशी समजलं होतं," ती म्हणाली. "ते या वळणावर गाडी हळू करत. तुमी नाई करत."

मी विचारलं, मग सासूबाईंना सांगितलं का नाही.

"त्या जेवतात, ताई. आवाज आयकला का जेवतात. त्याच्या आधी पाण्यावरच होत्या. सांगू नोका त्याईले."

मग हळूहळू बाकीचं कळलं. माणूस सापडला नाही की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, मग सुतक धरून सगळं रीतीप्रमाणे करतात. भाऊबंदांनी ते ठरवलं होतं, पळसाची पानंही आणून ठेवली होती. आणि त्याच सकाळी आमची गाडी तो सूर काढत वळणावरून गेली. म्हातारी त्या पानांवर पालथी पडली आणि कुणाला हात लावू देईना. तेव्हापासून ते राहूनच गेलं होतं. त्यामुळे ही सून ना सवाशीण होती ना विधवा. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नव्हतं आणि तिचं कुंकूही कुणी पुसत नव्हतं. मी म्हटलं, असं किती दिवस राहशील. ती म्हणाली, आधी आत्याबाईंचं, मग माझं बघू.

परतताना हे गाडीत बसले आणि बराच वेळ चावी फिरवलीच नाही. मग गाडी सुरू केली. वळणावर त्यांनी पाय उचलला. सूर खाली आला, पुन्हा वर चढला. आत म्हातारी जागी झाली असावी, तांब्याचा आवाज आला.

हिवाळाभर हे चाललं. बाजाराच्या दिवशी खामगावहून येताना हे उंद्रीच्या वळणावर गाडी हळू करायचे, तो करायचा तशी. मला त्याचा फार संताप यायचा. माझा जिवंत नवरा आठवड्यातून एकदा दुसऱ्या कुणाचा तरी मेलेला मुलगा होत होता. दिवेलागणीची वेळ झाली की माझा जीव थाऱ्यावर नसायचा. वाटायचं, एक दिवस गाडी येईल आणि तिच्यातून उतरणारा माणूस हा नसेल. उंद्रीचे लोकही अंधार पडल्यावर आमच्या गाडीत बसेनासे झाले.  घरी आल्यावर हे एवढंच सांगायचे, दार उघडं होतं, चूल पेटलेली होती.

माघात म्हातारी गेली. रात्री जेवली, निजली, उठली नाही. तिच्या तेराव्यानंतर भाऊबंदांनी पळसाचा पुतळाही केला आणि मुलाचं राहिलेलं सगळं उरकलं. आम्ही दोघं गेलो होतो. सुनेचं कपाळ मोकळं दिसलं तेव्हा मला रडू आलं. ती मात्र आल्यागेल्याला पाणी देत होती.

मला वाटलं, सुटलो. हे म्हणाले, आता दाते राहू देत, घाटाला लागतात. मीही हट्ट धरला नाही, आता ऐकून त्रास होईल असं तिथे कुणी उरलं नव्हतं. सवयीने वळणावर हे गाडी हळू करतच राहिले.

मग एका बाजाराच्या संध्याकाळी ती सून रस्त्यावर उभी होती. मी पुढे बसले होते, मागे चिखलीचा एक सरकीवाला. तिने हात केला. हे थांबले, गाडी बंद करून म्हणाले, कुठे जायचं आहे का.

"नाई. दादा, ते दाते आता गाडीतून काहाडा."

यांना काही समजेना. ते म्हणाले, आत्याबाई तर गेल्या.

"त्या होत्या तवर मले तो नुस्ता आवाज होता," ती म्हणाली. "मागच्या बाजारी तुमी गेले, अन् म्या चुलीपुढं दोन ताटं वाढली. बसून राह्यली मंग. अंधार पडला तवा समजलं मले."

ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. यांचा हात चावीपाशी गेला, तसाच परत आला. हे खाली उतरले, दार उघडं ठेवून बाहेरूनच स्टिअरिंग धरलं. मी उतरले. सरकीवाला माझ्याकडे बघून उतरला. रस्ता तिथे जरा उताराचा होता. इंजिन बंद ठेवून आम्ही ती अजस्र गाडी तिच्या दारावरून ढकलत नेली. वळण मागे पडलं, गाव मागे पडलं, तरी हे गाडी सुरू करायला तयार नव्हते.