मालिकेतली सुमी

दिगंबरभाऊ आपल्या कादंबरीतल्या बायकांचे संवाद बायकांच्या आवाजात बोलून बघत, आणि तेही अंगणात येरझारा घालत. चिखलीत आमची घरं लागून. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, ह्या बायको गेलेल्या माणसाच्या घरात कोण बाई शिरली? कुंपणावरून डोकावले, तर हे लुंगीवर, कमरेवर हात ठेवून सासूशी भांडताहेत!

"वैनी, बरं झालं आल्या. सून अशी बोलीन का हो?"

"बोलेल, पण मार खाईल," मी म्हटलं. सुनेचं ते वाक्य त्यांनी तसंच ठेवलं.

त्यांच्या कादंबऱ्या नावाजल्या गेल्या, वाचल्या मात्र कुणी नाहीत. मग मुंबईहून मालिका लिहायचं बोलावणं आलं. "हे लिहिणं नाही वैनी, पोळ्या लाटणं आहे. एक संपली का दुसरी," असं म्हणत म्हणत गेले.

त्यांची एकुलती एक सुमी कॉलेजसाठी इथंच राहिली, माझ्या नजरेखाली. तिला ताप चढला तो उतरलाच नाही. भाऊ तिकडे उद्याचा भाग पुरा करत होते. मलकापूरला उतरून, जीप करून येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. शेवटचं पाणी तिला मी पाजलं.

पुढे त्यांच्या मालिकेत मुक्ता नावाची मुलगी आली. आल्या आल्या बापाला म्हणाली, "काऊन हो बाबा, मले न इचारता जेवले?" आमची अख्खी गल्ली टीव्हीजवळ सरकली. सुमीच होती ती, अगं बाई! भाऊ फोनवर म्हणाले, "आता तिले नोकरी लावून राह्यलो, वैनी." हसावं की रडावं मला कळेना.

मग वाहिनीनं फर्मावलं, मुक्ताला मारा, लोक रडले की मालिका चालते. भाऊ म्हणाले, "माह्या हातानं नाही होणार." काम सोडून ते चिखलीला परत आले. मला मेलीला केवढा अभिमान वाटला! शिरा करून खाऊ घातला त्यांना.

पण मालिका कुणासाठी थांबते होय? दुसऱ्या कुणीतरी लिहिलं. त्या संध्याकाळी भाऊ आमच्याकडेच बघायला बसले. मुक्तानं दवाखान्यात एकटीनंच जीव सोडला, खोलीत साधी नर्ससुद्धा नव्हती. थोड्या वेळानं गल्लीतल्या बायका डोक्यावर पदर घेऊन आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या, मयताच्या घरी बसतात तशा. मी चहा टाकला नाही, कुणी घेतलाही नसता.

"भाऊ, तुम्ही नाही मारलं तिला," मी म्हटलं. "चांगलंच केलं."

"काह्याचं चांगलं?" टीव्ही बंद झाला होता, तरी ते तिकडेच बघत होते. "मी लिहिलं असतं, तर उशाशी बाप बसवला असता. दोन्ही खेपेले मी नव्हतो, वैनी. या खेपेले तर सारं माह्याच हातात होतं."