बेल्टला ग्रीस

दुसऱ्याचा पाना लागला की आपलं यंत्र बाटतं, असं मानणारा माणूस साऱ्या बारामती तालुक्यात एकच असावा, आणि तो नेमका माझा थोरला साडू असावा, हा माझा योग. या आबांनी उभी हयात साखर कारखान्यात फिटर म्हणून काढली, मग कन्हेरीत घर बांधलं आणि एक पांढरी गाडी घेतली. तिच्या मागच्या डाव्या चाकातली हवा रोज थोडी थोडी उतरते. पंक्चरवाला रस्त्यापलीकडेच बसतो, पण त्याच्याकडे जाणं आबांना शरण गेल्यासारखं वाटतं. एकदा त्यांनी अख्खं चाक काढून म्हशींच्या हौदात बुडवलं आणि बुडबुड्याची वाट पाहत दुपार घालवली. बुडबुडा आला नाही. म्हशींनी मात्र दोन दिवस त्या पाण्याला तोंड लावलं नाही. "चाक बरं हाय पाव्हणं, हवाच आता पयल्यासारखी ऱ्हायली न्हाय," असा निकाल देऊन आबा रोज सकाळी पायपंपाने हवा भरू लागले, ते आजतागायत भरताहेत.

त्यांची खरी श्रद्धा ग्रीसवर. दाराच्या बिजागऱ्या, शिवणयंत्र, विहिरीवरचा रहाट, काहीच सुटलेलं नाही. माझ्या चष्म्याच्या काड्या करकरतात म्हणून त्यांनाही त्यांनी बोट लावलं होतं. चष्मा दिवसभर नाकावरून घसरत होता.

अशात गाडीच्या कंपनीचं पत्र आलं. पुढच्या डाव्या सीटच्या बेल्टमध्ये दोष असू शकतो, गाडी आणा, फुकट बदलून देऊ. आबांनी 'दोष' या शब्दापर्यंतच वाचलं. "माझ्या दारातल्या गाडीत खोट हाय, ह्ये त्यास्नी तितं बसून कसं कळलं?" असं म्हणत त्यांनी बेल्टचं झाकण उघडलं आणि आत सढळ हाताने ग्रीस भरलं. "आता बघा, कसा लोण्यावानी पळतोय." पळत होता खरा. एकदम ब्रेक लागला की बेल्टने माणसाला धरायला हवं आणि हा कदाचित धरणार नाही, एवढंच कंपनीचं म्हणणं होतं. ते पत्राच्या खालच्या भागात होतं.

त्याच आठवड्यात आम्ही आबांच्या पत्नीला, म्हणजे अक्कांना, गुडघे दाखवायला इंदापूरला निघालो. अक्का पुढे, मी मागे. वाटेत उसाची ट्रॉली आडवी आली, आबांनी ब्रेक दाबला आणि बेल्ट अक्कांबरोबर अलगद पुढे गेला. कपाळ समोर आपटलं. टेंगूळ आलं, त्याहून जास्त काही झालं नाही. अक्कांनी पदराने कपाळ दाबून धरलं. आबा मात्र गाडी कडेला घेऊन तो सैल बेल्ट पुन्हा पुन्हा ओढून पाहत होते. या माणसावर आजवर मी फक्त हसत आलो होतो. त्या दिवशी मला त्यांचं फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी बारामतीच्या वर्कशॉपचं शटर उघडायच्या आधी आबा गाडी घेऊन हजर होते. कोणी विचारायच्या आतच म्हणाले, "ग्रीस म्या भरलंय. तुमी नवा बेल्ट घाला. मी हात लावत न्हाय."

नवा बेल्ट चोख धरतो. निघण्याआधी आबा त्याला तीनतीनदा हिसका देऊन पाहतात. पण अक्का आता मागेच बसतात. "नवा हाय गं, ये की म्होरं," आबा म्हणतात. "ऱ्हाऊ द्या, हितंच बरं हाय," अक्का म्हणतात, तेही रागाने नाही, अगदी सहज. आबा मग गाडी सुरू करतात. मधला आरसा त्यांनी जरासा खाली वळवून घेतलाय, अक्का दिसाव्यात इतका. मागून येणारी गाडी आता त्यात दिसत नाही, हे मला ठाऊक आहे, पण त्यांना सांगायला जीभ रेटत नाही.