चार वेळा येणारा आवाज

जावाच्या वर्गात एक ओळ मी घसा फोडून सांगते. पडद्यावर खिडकी बनवलीत, बटण लावलंत, उत्तम. पण खिडकी बंद केल्यावर प्रोग्रामही थांबावा, ही ओळ तुम्हीच लिहायची असते. नाही लिहिली तर फुली दाबल्यावर खिडकी नुसती दिसेनाशी होते आणि प्रोग्राम आत चालू राहतो. अमरावतीत इतकी वर्षं शिकवते आहे, पण दर बॅचमध्ये निम्मी मंडळी हे या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देतात.

शेखर त्यातलाच. वलगाव रस्त्याला त्यांचा भाजीचा मळा आणि घरासमोर पत्र्याखाली दुकान. दुकानावर त्याची आई, पार्बताबाई बसायच्या. पालेभाजीवर तासातासाला पाणी शिंपडावं लागतं, आणि पार्बताबाई गप्पांत रमल्या की हमखास विसरायच्या. म्हणून शेखरने आपला आवाज भरून एक प्रोग्राम केला. उघडल्यापासून दर तासाला लॅपटॉप ओरडणार, "माय, भाजीवर पानी मार वं!" फोनवरून त्याने मला तो ऐकवला तेव्हा मी पोट धरून हसले. त्याच संध्याकाळी अचलपूरच्या रस्त्यावर त्याची मोटरसायकल ट्रकखाली गेली.

काही आठवड्यांनी त्याची बायको साधना वर्गात आली आणि त्याच्याच खुर्चीवर बसली. दर्यापूरला बी.एस्सी. केलेली, मोजकं बोलणारी. खरं सांगते, मला तिचं येणं जड गेलं. फळ्याकडून वळले की त्या खुर्चीकडे नजर जायची आणि क्षणभर वाटायचं, आता तो आळस देईल. एकदा तिने विचारलं, "खिडकी दिसत नसली तरी प्रोग्राम किती दिवस चालतो, मॅडम?" मशीन बंद होईपर्यंत, असं मी सांगितलं. तिने मान हलवली.

खिडक्या-बटणं संपवून बॅच डेटा स्ट्रक्चरवर, म्हणजे माहिती रचून ठेवण्याच्या पद्धतींवर आली. रांग शिकवून झाल्यावर मी म्हटलं, रांगेत काहीही भरा आणि एकेक बाहेर काढून दाखवा. पोरांनी नेहमीचंच भरलं, दवाखान्यातले पेशंट, बँकेतले टोकन. साधनाने दुपारच्या चार वेळा भरल्या होत्या. पहिल्या तीन एकमेकींना लागून, चौथी बरीच लांब.

"या कोणत्या गाड्या गं?" मी चेष्टेने विचारलं.

"गाड्या नाहीत, मॅडम. हे बोलतात या वेळेले."

वर्ग सुटल्यावर तिने सगळं सांगितलं. त्या दुपारी शेखरने प्रोग्राम चार वेळा उघडून पाहिला होता, आणि चारही वेळा फुली दाबून बंद केला होता. ती एक ओळ नव्हती, त्यामुळे चारही आतच राहिले. लॅपटॉप तेव्हापासून कोणी बंद केला नव्हता. पडद्यावर काही दिसत नाही, पण दर तासाला आवाज चार वेळा येतो, त्या दुपारी जेवढ्या अंतराने त्याने उघडला तेवढ्याच अंतराने. शेजारच्या गंगूबाईंनी हे बाहेरचं आहे म्हणून लॅपटॉपला लिंबू-मिरची बांधली होती.

"आई परतेक वेळी उठून पाणी मारतात," साधना म्हणाली. "दिवसा, रातच्याले, कवाबी. मेथी सडून राहिली, गिऱ्हाईक तुटलं, ते जाऊ द्या. पण त्या झोपत नाहीत, मॅडम. चालता चालता झोक जाते त्यांचा. अशानं जातील त्या."

"मग बंद कर ना! मिनिटाचं काम आहे," मी जरा जोरातच बोलले.

"त्यांच्या मायसमोर मी त्यांले बंद करू?"

मी तिच्याबरोबर घरी गेले. पत्र्याखाली बारदानं ओली गच्च झाली होती आणि सडक्या पालकाचा वास सुटला होता. पार्बताबाईंनी हसून मला बसायला पाट दिला. त्यांची बोटं पाण्याने पांढरी पडून सुरकुतली होती. एवढ्यात आतून आवाज आला.

"माय, भाजीवर पानी मार वं!"

कारण मला ठाऊक होतं. ती ओळ मीच शिकवते. तरी अंगावर सर्रकन काटा आला. पार्बताबाई उठल्या आणि बादलीत हात बुडवून पाणी शिंपडून बसल्या. दुसऱ्यांदा उठल्या, तिसऱ्यांदा उठल्या. मग सगळं शांत झालं. ही शांतता खूप वेळ चालली, आणि तेवढा वेळ साधना दाराशी बाकड्यावर बसून शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघत होती.

"तिसऱ्यांदा बंद करून ते इथं बाहेर आले होते," ती हळूच म्हणाली. "चहा घेऊन माझ्याजवळ बसले. आदल्या दिवशी भांडण झालं होतं आमचं, मी बोलली नाही. कप ठेवून परत आत गेले."

आवाज चौथ्यांदा आला तशी तिने मान खाली घातली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही नुसती सासूमुळे थांबलेली नाही. आवाजाची फाइल तिच्याकडे होती, हवा तेव्हा ऐकता आला असता. पण तिसऱ्या आणि चौथ्या हाकेच्या मधला तो वेळ कोणत्याच फाइलमध्ये नव्हता.

पार्बताबाई पाणी मारून बसायला गेल्या आणि त्यांचा तोल गेला. साधनाने धावत जाऊन त्यांना धरलं आणि रडत रडतच सांगून टाकलं. हे बाहेरचं काही नाही, त्यांच्या हातून एक ओळ राहिली, मला बंद करता येतं, तुमच्यासाठी करत नव्हते.

पार्बताबाईंनी ओल्या हाताने तिचा चेहरा वर केला.

"माह्यासाठी?" त्या म्हणाल्या. "माहा लेक मेला, हे मले काय समजत नाही? मशीन तूच बंद करू देत नवती. मले वाटलं, तुले आयकाले पायजे. तू आयकत बसशील एकटी, म्हून मी उठत होती वं."

दोघी एकमेकींना धरून रडल्या. मी आपली मिरच्या निवडत बसले, दुसरं काय करणार? मग साधना आत गेली. चालू असलेल्या कामांच्या यादीत चार वेळा जावा लिहिलेलं होतं. तिने एकेक करून चारही थांबवले आणि लॅपटॉप बंद केला. त्याच्या आतल्या पंख्याचा आवाज थांबल्यावर घर एकदम मोठं वाटायला लागलं.

मी चहा होईपर्यंत थांबले. पुढचा तास भरला, कोणी हाक मारली नाही. पार्बताबाई बारदानावरच आडव्या झाल्या होत्या आणि घोरत होत्या. साधनाने तीन कप आणले. एक मला दिला, एक स्वतः घेतला आणि तिसरा बाकड्यावर शेजारच्या मोकळ्या जागी ठेवला. मला वाटलं, सासूसाठी असेल.

मग त्या जागेकडे वळून ती बोलली, रोजच्या आवाजात, "आज नका जाऊ कुठं. ऊन हाये."